‘सर्व्हर डाऊन’ नव्हे, कोणता थ्रेड अडकला ते विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दस्तनोंदणी असो, रेशन दुकानातले यंत्र असो की परीक्षेचा ऑनलाइन अर्ज. काम खोळंबले की बातमीत ‘सर्व्हर डाऊन’ एवढे दोन शब्द येतात आणि चौकशी तिथेच थांबते. खिडकीपलीकडचा कर्मचारीही तेच सांगतो, कारण त्यालाही तेवढेच सांगितलेले असते. प्रत्यक्षात अशा वेळी यंत्र पुष्कळदा धडधाकट सुरू असते. पिंगला, म्हणजे ‘आहेस का’ या नेटवर्कवरच्या हाकेला, उत्तर येते, लॉगिन होते, डिस्कवर जागा असते. अडकलेला असतो तो प्रोग्रॅममधला एखादा थ्रेड, म्हणजे त्याच्या आत स्वतंत्रपणे चालणारा कामाचा एक धागा, आणि त्याच्यामागे खोळंबलेले बाकीचे. कोण, कुठे आणि कशापायी अडकले आहे हे लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम विचारल्याबरोबर सांगते, त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. हिंजवडीपासून खराडीपर्यंत सर्व्हर सांभाळणारे इतके लोक असलेल्या शहरात ही सोय अजून आडबाजूलाच पडून आहे, म्हणून हे पत्र.

ही माहिती /प्रॉक या डिरेक्टरीत मिळते. (छपाईसाठी मार्ग आणि कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, की-बोर्डवर अर्थातच रोमन अक्षरे लागतील.) डिस्कवर या डिरेक्टरीचा एक बाइटही नसतो. तिच्यातली फाइल वाचायला घेतली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या क्षणी आपल्या नोंदी चाळून मजकूर तयार करते आणि पुढे ठेवते. म्हणूनच ‘एलएस -एल’ केल्यावर तिथल्या बहुतेक फाइलींचा आकार शून्य दिसतो. प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, ही फाइल म्हणून दाखवायची ही कल्पना बेल लॅब्जमधल्या टॉम किलियन यांनी १९८४ मध्ये मांडली, तेव्हा युनिक्सची आठवी आवृत्ती सुरू होती. लिनक्समध्ये /प्रॉक आले १९९२ मध्ये. थ्रेडला मात्र स्वतःचा पत्ता मिळायला आणखी ११ वर्षे लागली.

प्रोसेस म्हणजे वाडा आणि थ्रेड म्हणजे त्यातली बिऱ्हाडे, असे धरले तर पुणेकराला पुढचे सोपे जाईल. चौक, आड, दिंडीदरवाजा सामाईक. म्हणजे मेमरी आणि उघडलेल्या फाइली सगळ्यांच्या मिळून. चूल मात्र प्रत्येकाची वेगळी. म्हणजे स्टॅक (चालू फंक्शनची उतरंड) आणि रजिस्टर (सीपीयूमधले चालू आकडे) ज्याचे त्याचे. पूर्वीच्या लिनक्सथ्रेड्स या पद्धतीत प्रत्येक बिऱ्हाडाची नोंद स्वतंत्र वाडा म्हणून होई. एकच प्रोग्रॅम ‘पीएस’च्या यादीत पन्नास ओळी अडवून बसे आणि प्रत्येक थ्रेडने स्वतःचा प्रोसेस क्रमांक विचारला तर प्रत्येकाला निराळे उत्तर मिळे. उलरिच ड्रेपर आणि इंगो मोल्नार यांची एनपीटीएल ही नवी रचना आणि डिसेंबर २००३ मधले २.६ कर्नल आल्यावर हा घोळ मिटला. तेव्हापासून ४८२१ क्रमांकाच्या प्रोसेसमधले सगळे थ्रेड /प्रॉक/४८२१/टास्क या डिरेक्टरीत, प्रत्येकाच्या टीआयडीच्या, म्हणजे थ्रेड क्रमांकाच्या, नावाने दिसतात. पहिल्या बिऱ्हाडाचा क्रमांक वाड्याचाच, म्हणजे ४८२१. पुढचे ४८३७, ४८३८ असे काहीही. थ्रेड नुसते मोजायचे असतील तर स्टेटस फाइलमधली ‘थ्रेड्स’ ही ओळ पुरते. टास्क डिरेक्टरीची लिंकसंख्या पाहून त्यातून दोन वजा केले तरी तोच आकडा येतो.

इथे एक फसवी वाट आहे. /प्रॉक/४८३७ असा थेट पत्ता टाकला तरी दार उघडते, जरी ‘एलएस /प्रॉक’च्या यादीत तो क्रमांक कुठेच नसतो. पण तिथे हाती येते ते बिऱ्हाड आणि वाडा यांचे मिश्रण. स्टॅट फाइलमधली अवस्था त्या थ्रेडची असते, सीपीयूचा वेळ मात्र अख्ख्या प्रोसेसचा. या वाटेने गेलेल्या स्क्रिप्टला सगळ्या थ्रेडनी तंतोतंत सारखाच सीपीयू वापरला असे दिसते. एका थ्रेडचा हिशेब हवा असेल तर टास्कमधूनच जायला हवे. उलटी चूकही तितकीच सार्वत्रिक आहे. /प्रॉक/४८२१/स्टेटसमधले कॉन्टेक्स्ट स्विचचे, म्हणजे सीपीयूवरून उतरण्याचे, आकडे आणि /प्रॉक/४८२१/शेडस्टॅटमधले तिन्ही आकडे फक्त मुख्य थ्रेडचे असतात. मुख्य थ्रेड बहुधा नुसता दारात बसून असतो, त्यामुळे आकडे पाहणाऱ्याला सगळे शांत वाटते. मेमरीचे तर विचारूच नका. ‘व्हीएमआरएसएस’ ही वापरातल्या मेमरीची ओळ प्रत्येक थ्रेडच्या स्टेटसमध्ये तीच असते, कारण मेमरी सामाईक. २०० थ्रेडची बेरीज करून ‘प्रोग्रॅम यंत्रातल्यापेक्षा जास्त मेमरी खातो’ असा अहवाल तयार होतो तो असा.

आता प्रत्यक्ष पाहणी. समजा ८ कोअरच्या यंत्रावर प्रोसेस ४८२१ मध्ये २०० थ्रेड आहेत आणि ग्राहकांना उत्तर मिळत नाही. आधी ‘टॉप -एच -पी ४८२१’ (एच कॅपिटल) लावावे. एकच थ्रेड फेऱ्यात अडकून पूर्ण कोअर जाळत असेल तर यंत्राचा एकूण वापर जेमतेम १२.५ टक्के दिसतो आणि निरीक्षणाच्या पडद्यावर सगळे हिरवेगार राहते. थ्रेडवार पाहिले तर तो लगेच सापडतो. हातानेही मोजता येते. त्या थ्रेडच्या स्टॅट फाइलमधला १४ वा रकाना म्हणजे प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कोडमध्ये गेलेला वेळ आणि १५ वा म्हणजे कर्नलमध्ये गेलेला. एकक टिक; सर्वसाधारण लिनक्सवर सेकंदाला १०० टिक. १४ वा रकाना आधी ८१,२४० आणि १० सेकंदांनी ८२,१९० असेल तर ९५० टिक, म्हणजे १० पैकी साडेनऊ सेकंद तो थ्रेड सीपीयूवर होता. ३९ वा रकाना तो शेवटी कोणत्या कोअरवर धावला ते सांगतो.

हे रकाने वेगळे काढताना ‘ऑक’ या मजकूर चाळणाऱ्या कमांडला नुसता १४ वा शब्द मागू नये. दुसऱ्या रकान्यात थ्रेडचे नाव कंसात असते आणि नावात जागा किंवा आणखी कंसही असू शकतो. फायरफॉक्सच्या काही प्रोसेसच्या नावात दोन ठिकाणी जागा असते. तिथे १४ वा शब्द म्हणून जो आकडा हाती येतो तो खरा १२ वा रकाना, म्हणजे डिस्कवरून आणाव्या लागलेल्या पानांची संख्या. ओळीतला शेवटचा बंद होणारा कंस आधी शोधावा आणि त्याच्या पुढून मोजावे, हाच धड मार्ग.

सीपीयू कुणीच खात नसेल तर खरी गंमत सुरू होते. ‘पीएस -एल -पी ४८२१’ (पुन्हा एल कॅपिटल) केल्यावर, आणि त्यात स्टॅट व डब्ल्यूचॅन:३२ हे स्तंभ मागितल्यावर, प्रत्येक थ्रेडपुढे अवस्थेचे एक अक्षर येते. आर म्हणजे धावतो आहे किंवा धावायला तयार आहे, एस म्हणजे झोपला आहे पण हाक मारली तर उठेल, डी म्हणजे झोपला आहे आणि हाकेला ओ देणार नाही, टी म्हणजे कुणीतरी थांबवला आहे, झेड म्हणजे संपला आहे पण नोंद बाकी आहे.

यातली डी अवस्था बदनाम आहे, आणि बऱ्याच अंशी योग्य कारणाने. ती सहसा डिस्कच्या किंवा एनएफएसने जोडलेल्या दूरच्या साठ्याच्या उत्तराची वाट पाहण्याची असते. लिनक्सची लोड सरासरी आर आणि डी या दोन्ही अवस्थांतले थ्रेड मोजते. म्हणून साठा गप्प झाला की १५० थ्रेड डीमध्ये जाऊन लोड १५० च्या घरात आणि सीपीयू मात्र रिकामा, असे चक्रावणारे चित्र दिसते. अशा वेळी सीपीयू वाढवून घेणे म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून हंडे विकत आणणे. रूटने, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याने, त्या थ्रेडची ‘स्टॅक’ फाइल वाचली तर कर्नलमधल्या फंक्शनची उतरंड दिसते, आणि त्यात एनएफएसची नावे दिसली की अर्जाच्या प्रोग्रॅमला दोष देण्यात अर्थ उरत नाही.

एस अवस्था जास्त विचार करायला लावते. ‘डब्ल्यूचॅन’ ही फाइल थ्रेड कर्नलच्या कोणत्या फंक्शनमध्ये झोपला आहे त्याचे नाव देते. सगळ्या थ्रेडचे एकदम पाहायचे तर ‘कॅट’ वापरू नये, कारण या फाइलीच्या शेवटी नवी ओळ नसते आणि २०० नावे एकमेकांना चिकटून येतात. ‘ग्रेप’ला नमुना म्हणून एक टिंब देऊन /प्रॉक/४८२१/टास्क/*/डब्ल्यूचॅन वाचायला लावले की प्रत्येक नाव आपापल्या ओळीवर, टीआयडीसकट येते. परवानगी नसेल तर या फाइलीत शून्य मिळते आणि धावत्या थ्रेडच्या फाइलीतही शून्यच असते. तेव्हा हे रूट होऊनच करावे, नाहीतर सगळे धावताहेत असा गैरसमज होतो. नाव ‘ईपी_पोल’ असेल तर थ्रेड नेटवर्कवरून काही येण्याची वाट पाहतो आहे. नावात ‘फ्युटेक्स’ असेल तर तो दुसऱ्या थ्रेडची वाट पाहतो आहे, बहुधा कुलपासाठी (कुलूप म्हणजे सामाईक माहितीला एका वेळी एकाच थ्रेडला हात लावू देणारी सोय).

बहुधा म्हणण्याचे कारण असे की रिकामे बसलेले कामकरी थ्रेडही फ्युटेक्सवरच झोपतात. १९० थ्रेड फ्युटेक्सवर म्हणजे कोंडी, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. ‘एसएस -एलटीएन’ने ऐकणाऱ्या सॉकेटची, म्हणजे नव्या जोडण्या घेणाऱ्या दाराची, रिसीव्ह रांग पाहावी. ती शून्याच्या आसपास असेल तर बहुधा थ्रेडना कामच नाही आणि अडचण सर्व्हरच्या अलीकडे, नेटवर्कमध्ये किंवा आणखी कुठे आहे. रांग तुंबलेली आणि थ्रेड झोपलेले, असे असेल तर आत कोंडी आहे.

मग कोणत्या कुलपापाशी? त्यासाठी ‘सिसकॉल’ ही थ्रेडने कर्नलकडे काय मागितले आहे ते सांगणारी फाइल आहे. इंटेल-एएमडीच्या ६४ बिट यंत्रावर तिची सुरुवात २०२ ने झाली तर तो फ्युटेक्स कॉल, आणि त्यानंतरचा पहिला आकडा म्हणजे कुलपाचा मेमरीतला पत्ता. १८० थ्रेडपुढे तोच पत्ता आला तर वाड्यातल्या एकाच नळावर १८० जण उभे आहेत हे पक्के झाले. नळ कुणी धरून ठेवला आहे हे /प्रॉक सांगत नाही. ते नाव पीथ्रेड म्युटेक्सच्या, म्हणजे त्या कुलपाच्या, आत लिहिलेले असते आणि जीडीबी या डीबगरने त्याचा ओनर रकाना पाहिला की थेट टीआयडी मिळतो. तो टीआयडी घेऊन पुन्हा टास्कमध्ये यावे. पुष्कळदा तोच थ्रेड डी अवस्थेत किंवा डेटाबेसकडून उत्तर येण्याची वाट पाहत सापडतो, आणि बाकीचे १८० निरपराध ठरतात. जावामध्ये ही पत्त्याची युक्ती चालत नाही, कारण तिथे प्रत्येक थ्रेड आपापल्या स्वतंत्र पत्त्यावर झोपतो. तिथे जेस्टॅक हे थ्रेडची यादी काढणारे जावाचे साधन घ्यावे. त्यातला ‘एनआयडी’ म्हणजेच टीआयडी. जुन्या आवृत्त्यांत तो षोडशमान पद्धतीत असतो, तो दशमानात करून जुळवायचा.

टीआयडी जुळवायचा तर लॉगमध्ये तो असायला हवा. बरेच प्रोग्रॅम लॉगमध्ये पीथ्रेड_सेल्फचा लांबलचक आकडा छापतात. तो प्रोग्रॅमच्या आतल्या मेमरीचा पत्ता असतो, /प्रॉकमध्ये त्याचा काही उपयोग नाही. गेटटीआयडीचा आकडा छापावा. जीलिबसी या सी लायब्ररीमध्ये २०१९ च्या २.३० आवृत्तीपासून ते सरळ फंक्शन म्हणून मिळते.

थ्रेडना नावे देणे हे आणखी एक फुकटचे काम, आणि तेच सर्वात जास्त टाळले जाते. नाव दिले नाही तर २०० थ्रेड एकाच नावाने दिसतात. नावाला जागा १५ बाइटची. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, पण देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांनाही प्रत्येकी तीन. म्हणजे मराठी नावाला फक्त पाच चिन्हे. ‘वसुली’ नेमके बसते. ‘नोंदणी’ला १८ बाइट लागतात, ‘कॉम’ या फाइलीत लिहून ते नाव दिले तर कर्नल काही न बोलता शेवटची वेलांटी कापते आणि ‘नोंदण’ उरते. तेच नाव पीथ्रेड_सेटनेम_एनपीने द्यायला गेले तर चूक परत येते आणि नाव अजिबात बदलत नाही. मराठी नावाआधी रोमन आकडे जोडले तर शेवटचे चिन्ह मधोमध चिरले जाऊन पडद्यावर प्रश्नचिन्हे उमटू शकतात. रोमन नाव आणि दोन-तीन आकडे, हेच व्यवहार्य.

सीपीयू खरोखरच अपुरा पडतो आहे का, हे ‘शेडस्टॅट’ सांगते. पहिला आकडा थ्रेड सीपीयूवर किती नॅनोसेकंद होता त्याचा, दुसरा तयार असूनही रांगेत किती थांबला त्याचा, तिसरा त्याला किती पाळ्या मिळाल्या त्याचा. १० सेकंदांत दुसरा आकडा ६ अब्जांनी वाढला तर थ्रेड १० पैकी ६ सेकंद नुसता पाळीची वाट पाहत होता. नवे यंत्र मागायचे तर असा पुरावा जोडून मागावे.

क्वचित भेटणारी पण घाबरवणारी एक स्थिती म्हणजे मालकाने वाडा सोडणे. मुख्य थ्रेड पीथ्रेड_एक्झिटने निघून गेला आणि बाकीचे कामात राहिले, तर ‘पीएस’ त्या प्रोसेसपुढे झेड आणि ‘डिफंक्ट’ लिहिते. कमांडची ओळ रिकामी, फाइलींची यादी मिळत नाही. लोक त्याला मेलेला समजतात, पण टास्कमध्ये पाहिले तर बाकीची बिऱ्हाडे नांदत असतात. कंटेनरची, म्हणजे बाकी यंत्रापासून वेगळ्या ठेवलेल्या प्रोग्रॅमची, गोष्ट निराळी: आतला क्रमांक आणि बाहेरचा क्रमांक वेगळे असतात, आणि स्टेटसमधली ‘एनएसपीआयडी’ ही ओळ दोन्ही शेजारी-शेजारी देते.

सर्वात मोठे नुकसान रीस्टार्ट करते. सेवा दोन मिनिटांत सुरू होते, पण टास्क डिरेक्टरी पुसली जाते आणि तोच प्रकार चार दिवसांनी पुन्हा होतो. त्याआधी प्रत्येक थ्रेडच्या स्टेटस, स्टॅट, डब्ल्यूचॅन, सिसकॉल, स्टॅक आणि शेडस्टॅट या सहा फाइली बाजूला काढायला फार तर अर्धे मिनिट लागते. १० सेकंदांच्या अंतराने तीनदा काढाव्यात, म्हणजे काय हलते आहे आणि काय गोठले आहे ते कळते. ‘टार’ने गोळा करू नयेत. टार आधी आकार विचारते, शून्य हे उत्तर ऐकते आणि इमानदारीने रिकाम्या फाइली भरून ठेवते. ग्रेपने किंवा साध्या रीडने मजकूर साध्या फाइलीत उतरवावा आणि मग काय ते बांधावे. यादी वाचल्यावर एखादा थ्रेड संपलाच तर फाइल सापडत नाही, आणि उघडलेल्या फाइलीचा थ्रेड संपला तर ‘अशी प्रोसेस नाही’ अशी चूक येते. दोन्ही नेहमीच्या गोष्टी आहेत, स्क्रिप्टने तिथे बंद पडू नये. क्रमांक पुन्हा वापरले जातात, विशेषतः जिथे मर्यादा ३२,७६८ ची आहे तिथे. तीन वेळच्या नोंदी एकाच थ्रेडच्या आहेत ना, हे स्टॅटमधल्या २२ व्या रकान्यावरून, म्हणजे सुरू झाल्याच्या वेळेवरून ताडून पाहावे.

या पाहणीची किंमत अगदीच शून्य नाही. हजारो थ्रेडच्या फाइली दर सेकंदाला वाचणारा निरीक्षक स्वतःच सीपीयू खातो. ‘एसमॅप्स’ ही मेमरीच्या तपशिलाची फाइल तर वाचताना प्रोसेसच्या मेमरी-नकाशाचे कुलूप धरते; ती सतत वाचली तर कोंडीत आपलीच भर पडते. अडचणीच्या वेळी तीनदा, एरवी मिनिटाला एकदा, एवढे पुरे.

अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी दोन थ्रेड तयार करून त्यांच्याकडून बेरजा करून घेतात आणि वहीवर सही मिळते. तोच प्रोग्रॅम चालू असताना दुसऱ्या खिडकीत टास्क डिरेक्टरी उघडायला लावावी, एका थ्रेडला मुद्दाम कुलूप धरून झोपवावे आणि दुसऱ्याचा डब्ल्यूचॅन वहीत लिहून घ्यावा. वेळ १० मिनिटे, खर्च काही नाही.

आणि आपल्या बातमीदारांना एक विनंती. पुढच्या खेपेस ‘सर्व्हर डाऊन’ असे उत्तर मिळाले तर तिथल्या तांत्रिक जबाबदार व्यक्तीला एवढेच विचारावे: थ्रेड आर, एस की डी अवस्थेत होते, ते कशाची वाट पाहत होते, आणि रीस्टार्ट करण्याआधी त्यांच्या नोंदी काढल्या होत्या का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर तेही छापावे.

आपले,
लिनक्स सर्व्हर सांभाळणारे काही वाचक,
पुणे